घंटेवाल्या म्हाताऱ्याचे चार विद्यार्थी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कोणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी म्हणून सांगतो. मोठ्यांनी ऐकली तर त्यांच्याही कामाची आहे, पण मोठी माणसं ऐकतात थोडीच!

त्या राज्याच्या अगदी टोकाला, समुद्रात, एक बेट होतं. बेटावर मिठागरं होती आणि मीठ पिकवणाऱ्यांचं एक लहानसं गाव होतं. चारी बाजूंनी धारदार खडक, त्यामुळे तिथे होडी लागत नसे. पण ओहोटी आली की पाण्यातून वाळूची एक वाट वर यायची, ती थेट पलीकडच्या किनाऱ्याला भिडायची. गावानं तेवढ्या वेळात डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन पलीकडे जायचं, बाजार करायचा आणि पुढच्या ओहोटीला घरी परतायचं.

वाट पुरती उघडी पडली की खडकावरची मोठी घंटा वाजे. घंटेपासून तीन घटका वाट कोरडी राही. ओझं घेऊन चालायला दोन घटका लागत. उरलेली एक घटका म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि ठेच लागून बसणाऱ्यांसाठी. घंटा व्हायच्या आधी कोणी वाळूवर पाऊल टाकायचं नाही आणि घंटा झाल्यावर कोणी शंका काढायची नाही, असा तिथला रिवाज होता.

आता ओहोटी काही रोज एका वेळेला येत नाही. चंद्राच्या तिथीप्रमाणे ती रोज साधारण दोन घटका पुढे सरकते. म्हणजे आज तिथी कोणती, हे बिनचूक ठाऊक हवं. त्यासाठी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते रोज बघायला हवं. ही विद्या साऱ्या गावात एकाच घराला येत होती, ते घंटेवाल्याचं घर. बाप थोरल्या मुलाला दार लावून घेऊन शिकवी. धाकट्यालाही ती मिळत नसे, मग बाहेरच्याची काय कथा!

बाकीचं गाव वर बघतच नसे. तारे मोजले की आयुष्य घटतं, असं बायाबापड्या म्हणत. पुरुष त्यांना हसत आणि स्वतः मात्र मान खाली घालून चालत.

मी सांगतोय त्या काळी घंटेवाला साठीचा होता. त्याचा एकुलता एक मुलगा विद्या शिकून तयार झाला होता, आणि तिसाव्या वर्षी तापानं गेला. मागे मूलबाळ नाही. गाव सांत्वनाला आलं आणि परत जाताना अंगणातच कुजबुजलं, "बघा, तारे मोजले ना!" म्हाताऱ्यानं ते ऐकलं. तो वर्षभर कोणाशी धड बोलला नाही. घंटा तेवढी वेळेवर वाजवत होता.

एक दिवस तो उठला आणि शाळेत गेला. शाळा म्हणजे एक पडवी, एक पंतोजी आणि धूळपाट्यांवर अक्षरं गिरवणारी बावीस मुलं.

"संध्याकाळी दिवे लागल्यावर मुलांना माझ्याकडे सोडा," म्हातारा म्हणाला. "आकाश शिकवीन म्हणतो."

पंतोजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण गाव तुम्हाला त्याचं काही देणार नाही हो. माझंच धान्य तीन-तीन महिने थकतं."

"मागितलंय कोणी?"

"मग कशासाठी करता?"

म्हातारा म्हणाला, "मी मेल्यावर घंटा कोण वाजवणार? घरात कोणी उरलं नाही, पंतोजी."

पहिल्या संध्याकाळी बावीसच्या बावीस मुलं आली. फुकटची गंमत कोणाला नको असते! म्हाताऱ्यानं त्यांना हात लांब करून मूठ धरायला शिकवलं. आकाशातलं अंतर मुठीनं मोजायचं. चंद्र एका रात्रीत एक मूठ आणि वर दोन बोटं सरकतो. हाताच्या पंज्यासारखे पाच तारे असलेलं ते हस्त नक्षत्र. त्याच्या पुढची एकटी, पांढरीशुभ्र, ती चित्रा. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेच्या शेजारी जाऊन बसतो आणि त्या दिवशी पहाटे तो मावळायला आणि सूर्य उगवायला एकच गाठ पडते. हे त्यानं मुलांना न कंटाळता शंभरदा सांगितलं.

त्याची शिकवायची एक तऱ्हा होती. रोज बोलता बोलता तो एक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगे आणि चेहरा अगदी साळसूद ठेवी. जो कोणी ती चूक पकडेल, तो "आजोबा, सापडली!" म्हणून ओरडे आणि तळहात पुढे करी. मग म्हातारा हसत हसत त्या हातावर मूठभर भाजलेले चणे ठेवी. त्याच्या घरात आजवर कोणी बापाला चुकलात म्हणालं नव्हतं. आपला मुलगासुद्धा कधी म्हणाला नाही, हे त्याला त्या चण्यांच्या वेळी आठवे आणि आत कुठेतरी दुखे.

गावाला हे पसंत पडलं नाही. पाटील घरी येऊन म्हणाला, "काका, राग मानू नका. पण पोरापोरींना ओहोटी कळायला लागली तर तुमची घंटा ऐकणार कोण? ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा वाळूवर उतरेल. आणि फुकट शिकवता म्हणजे लोक म्हणतात, यात म्हाताऱ्याचा काहीतरी डाव असेल."

"डाव कसला, पाटील? मी आज आहे, उद्या नाही."

"ते झालंच. पण पोरांची आयुष्यं..." पाटलानं वाक्य पुरं केलं नाही. म्हाताऱ्याला ते पुरं करून घ्यायची गरजही नव्हती.

पावसाळा सरेपर्यंत बावीसची नऊ मुलं झाली आणि थंडीत चार उरली. एका सकाळी म्हाताऱ्याच्या दारावर कोणीतरी कोळशानं मोठी फुली मारून ठेवली होती. त्यानं ती ओल्या फडक्यानं पुसली आणि संध्याकाळी चार मुलांसाठी चणे भाजले. स्वतःहून शिकवायला निघालेल्या माणसाला जगाकडून पहिला मोबदला बहुधा असाच मिळतो, बाळांनो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

त्या चौघांत एक आठ वर्षांची मुलगी होती. पुढचे दोन दात पडलेले, म्हणून सगळे तिला दातपडकी म्हणत. तिचा बाप नव्हता, आई मिठागरात राबायची. चुका पकडण्यात दातपडकीचा हात कोणी धरत नसे. रात्री आईच्या कुशीत शिरून ती त्या संध्याकाळी शिकलेलं आकाश सांगत बसायची आणि आई झोपेत हूं हूं करायची.

आता म्हाताऱ्यानं जी गोष्ट सगळ्यांपासून लपवली, ती तुम्हाला सांगतो. त्याचे डोळे जात होते. आधी बारके तारे गेले, मग मोठे गेले. शेवटी चंद्रही नुसता पांढरा डाग उरला. आकाश त्याला पाठ होतं, म्हणून शिकवणं अडत नव्हतं. रात्रीची वेळ तो घटिकापात्रानं मोजी. भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. तिथी तो बोटांवर मोजून ध्यानात ठेवी. असं एक वर्ष निभलं. कोणाला पत्ता लागला नाही. सांगायची त्याला लाज वाटली. ज्याच्या आज्यानं आणि पणज्यानं आकाश वाचलं, त्यानं चार पोरांना "मला दिसत नाही" म्हणायचं? त्यापेक्षा मरण बरं, असं त्याला वाटलं. त्याला काय माहीत, कोणाचं मरण!

चैत्रात म्हाताऱ्याला ताप भरला. तो ग्लानीत पडून राहिला. मुलांची शिकवणी बंद झाली. शेजारीपाजारी ओहोटीची वेळ विचारायला येत, तेवढ्यापुरता तो डोळे उघडी, अंदाजानं सांगे आणि पुन्हा पडे; मग घंटा तेच वाजवत. बाजार नव्हता, जाणारी माणसं थोडी होती, ती निभावून गेली. ताप उतरला तेव्हा त्यानं बोटांवर दिवस मोजले. तापाचे दिवस चार होते. त्यानं पाच धरले.

संध्याकाळी त्यानं दारात उभं राहून आकाशाकडे पाहिलं. पांढरा डाग गोल दिसला. चतुर्दशीचा चंद्र आणि पौर्णिमेचा चंद्र यांतला फरक त्याला आता कळण्यासारखा नव्हता. त्यानं दवंडी द्यायला सांगितलं, की पहाटेची ओहोटी पौर्णिमेची, पलीकडे चैत्री पौर्णिमेचा मोठा बाजार आहे, सगळ्यांनी तयार राहावं.

दवंडी ऐकून दातपडकी गालातल्या गालात हसली. आजोबा बरे झाले आणि उठल्या उठल्या खेळ सुरू केला, असं तिला वाटलं. आईला ती काही बोलली नाही. चूक पकडायची ती आजोबांसमोर, नाहीतर चणे कसे मिळणार?

पहाटे सारा गाव पाट्या भरून किनाऱ्यावर उभा राहिला. वाट केव्हाच उघडी पडली होती. वाळू लांबवर चमकत होती. लोक चुळबुळ करू लागले. "घंटा कशी होत नाही अजून?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "म्हातारा नुकता तापातून उठलाय. घटकाभर इकडे तिकडे व्हायचंच." पण रिवाज तो रिवाज. कोणी पाऊल टाकलं नाही, आणि चांगल्या दोन घटका तशाच उभ्याउभ्या गेल्या.

दातपडकी आईच्या पदराला धरून पश्चिमेकडे बघत होती. चंद्र मावळतीला टेकला होता. तिनं हात लांब करून मूठ धरली. चित्रा त्याच्या वर होती, मूठभर अंतरावर आणि दोन बोटं. चंद्र अजून हस्तातच होता. तिच्या डोळ्यांदेखत तो समुद्रात बुडाला आणि पूर्वेला सूर्याचा तर अजून मागमूस नव्हता. आता पक्कंच झालं. ती पदर सोडून खडकाच्या पायऱ्या चढू लागली. ती अर्ध्यावर असतानाच वर घंटा वाजली. खाली लोकांनी पाट्या डोक्यावर घेतल्या आणि रांग वाळूवर उतरली.

घंटा वाजल्यावर तिला जरा नवल वाटलं. आजोबा खेळ इतका ताणत नसत. तरी ती वर पोचली, धापा टाकत हसली आणि तळहात पुढे केला.

"आजोबा, सापडली! आज पौर्णिमा नाहीच मुळी. आज चतुर्दशी!"

म्हातारा दोर हातात धरून उभा होता. "काय म्हणालीस?"

"चंद्र हस्तात होता. मी मूठ धरून बघितली. आणि तो केव्हाच बुडाला की! सूर्य कुठे उगवलाय अजून? द्या चणे."

"चंद्र बुडाला?" म्हातारा म्हणाला. त्यानं खाली, वाटेच्या बाजूला बोट दाखवलं. "मग तिकडे पांढरं दिसतंय, ते काय आहे पोरी?"

दातपडकीनं वळून बघितलं. "ते पाणी आहे, आजोबा."

म्हाताऱ्याच्या हातातून दोर सुटला. त्यानं मनाशी हिशोब केला. तिथी एकानं चुकली, म्हणजे वेळ दोन घटकांनी चुकली. तीनातून दोन गेल्या, राहिली एक. आणि चालायला दोन लागतात. मुलीचा हात अजून तसाच पुढे होता. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं तो हळूच मागे घेतला.

"आई," ती म्हणाली. "आजोबा, माझी आई गेली."

पुन्हा घंटा वाजवावी तर लोक आणखी घाईनं पुढे जाणार. परत बोलावण्याची खूण त्या घंटेला कधी कोणी ठेवलीच नव्हती. घंटेवाल्याच्या घराची चूक होऊ शकते, हे त्या गावात पिढ्यान् पिढ्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

म्हातारा पायऱ्या उतरला. उतरला कसला, दोनदा पडला. मग वाळूवरून तो जीव खाऊन धावू लागला. पायाखाली ओलं लागलं की वाट सुटली, कोरडं लागलं की वाट सापडली, इतकंच त्याला कळत होतं. तो ओरडत होता, "मागे फिरा! मी चुकलो! मागे फिरा रे, मी चुकलो!"

त्याच्या मागून दातपडकी ओरडत होती, तिचा आवाज ऐकून बाकीची तीन मुलंही आपापल्या माणसांच्या मागे धावली. ज्यांच्या घरी ही चार मुलं होती, ती माणसं आधी थांबली. दातपडकीची आई थांबली. रात्री झोपेत ऐकलेलं काही ना काही तिच्या डोक्यात उरलं असणार. तिनं डोक्यावरची पाटी तिथेच फेकली आणि शेजारणीचा हात धरून ओढलं. कोणी शिव्या दिल्या, कोणी म्हणालं, "पोरासोरांचं काय ऐकता?" पण म्हाताऱ्याचे शब्द कानांवर आले तशी माणसं बिचकली. घंटेवाला स्वतः "मी चुकलो" म्हणतोय! रांग तुटली, वळली, आणि गुडघाभर पाण्यातून बेटावर परत आली.

पुढच्या सहा जणांपर्यंत आवाज पोचला नाही. ते गावातले सगळ्यात धडधाकट गडी होते, भरभर चालणारे. वाटेच्या मध्यावर जमीन खोलगट होती, तिथे पाणी आधी भरलं. ते थोडा वेळ दिसले, पाट्या डोक्यावर सावरत. मग पाट्याच दिसल्या. मग काहीच दिसलं नाही.

म्हातारा छातीभर पाण्यात उभा राहून तेच दोन शब्द ओरडत होता. दोघांनी त्याला धरून बाहेर ओढलं नसतं तर तो तिथेच राहिला असता. त्याला तेच हवं होतं, पण ते त्याला मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी गाव जमला. पाटील काही विचारायच्या आत म्हातारा उभा राहिला.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. सांगायची लाज वाटली. सहा माणसं माझ्या लाजेनं खाल्ली. काय शिक्षा द्यायची ती द्या."

कोणी दगड उचलला नाही. कोणी माफही केलं नाही. पाटील मान खाली घालून म्हणाला, "घंटा आजपासून तुमची नाही." आणि मग तो थांबला, कारण ती कोणाची, हे त्याला सांगता येईना. उद्याची ओहोटी केव्हा, हे त्या सभेत एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ती चार मुलं मागे कट्ट्यावर पाय हलवत बसली होती.

घंटा त्या चौघांकडे गेली. मोठी माणसं ओशाळली, पण इलाज नव्हता. त्या दिवसापासून गावाचा नियम बदलला: दोघांनी वेगवेगळं आकाश बघायचं, दोघांचं जुळलं तरच दोराला हात लावायचा.

म्हातारा घरी आला आणि दार लावून बसला. महिनाभर कोणी त्याच्याकडे फिरकलं नाही. मुलांना त्यांच्या घरच्यांनी जाऊ दिलं नाही, आणि गेली असती तरी त्यानं दार उघडलं असतं की नाही, देव जाणे.

मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर एक तरुण बाई उभी होती. बुडालेल्या सहांतल्या एकाची बायको. तिच्या हाताशी तिचा सहा वर्षांचा मुलगा होता. म्हाताऱ्यानं आवाज ओळखला आणि तो उंबऱ्याशी खालीच बसला. शिव्याशाप खाली मानेनं ऐकावेत, एवढंच त्याला आता करता येण्यासारखं होतं.

"याला शिकवा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "माझ्याकडून? बाई, तुझा नवरा मी..."

"ठाऊक आहे मला." तिचा आवाज कोरडा होता. "तुमचं तोंड बघायची मला इच्छा नाही. पण त्या दिवशी माझा दीर परत आला, माझी सासू परत आली. चाळीस माणसं परत आली. ती चार पोरं तुमच्याकडे शिकली नसती तर गाव उरलं नसतं. चार होती म्हणून चाळीस आले. बावीस असती तर याचा बापही आला असता. तेव्हा आम्हीच पोरं काढून घेतली." ती पुढे म्हणाली, "तुम्ही चुकाल तिथं हा तुम्हाला तोंडावर सांगेल, इतकं शिकवा. मला दुसरं काही नको."

मुलाला तिथे सोडून ती निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

मुलगा बराच वेळ अंधारात उभा राहिला. मग त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला, कारण म्हाताऱ्याला उठता येत नव्हतं, आणि त्याला अंगणात आणलं. "वर काय दिसतं ते सांग," म्हातारा म्हणाला. मुलगा सांगू लागला. म्हातारा ऐकत होता आणि रडत होता. दुसऱ्या दिवशी आणखी तीन मुलं आली. वर्षअखेर साऱ्या गावाची पोरं त्या अंगणात होती. म्हातारा आणखी सात वर्षं जगला. त्या सात वर्षांत गावानं त्याला सणाला बोलावलं नाही की त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. फक्त रोज संध्याकाळी न चुकता मुलं पाठवली.

म्हणून सांगतो, आपल्याला येणारी विद्या न मागता, न लपवता दुसऱ्यांना शिकवावी. कारण आपण चुकतो त्या दिवशी, आपली चूक ओळखेल असा माणूस आपणच घडवलेला असावा लागतो.